प्रवाळभित्तींवरील सागरी अर्चिनांची भूमिका

सागरी अर्चिन हे कंटकचर्मी (एकायनोडर्माटा) संघाच्या एकिनॉयडिया वर्गातील, गोलसर व काटेरी कवचाचे समुद्रतळवासी प्राणी होत. तारामीन व समुद्रकाकडी हे त्यांचे नातलग. जगातील सर्व समुद्रांत मिळून अर्चिनांच्या सुमारे ९५० जाती आढळतात. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या अर्चिनांना परिसंस्थेच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. खडकावर वाढणारे शैवाल खरवडून खाणे हे त्यांचे मुख्य काम. या कामामुळे प्रवाळांच्या नव्या पिढीला रुजण्यासाठी मोकळी जागा मिळते. मात्र त्याच दातांनी ते प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडाही कुरतडतात. त्यामुळे अर्चिन हा प्रवाळभित्तीचा रक्षक की भक्षक, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जातीबरोबरच बव्हंशी त्याच्या संख्येवर अवलंबून असते. ही संख्या पुढे माशांवर, म्हणजे पर्यायाने मासेमारीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात मालवणचा किनारा व खोल समुद्रातील आंग्रिया बँक, तर भारतात इतरत्र लक्षद्वीप, मन्नारचे आखात, कच्छचे आखात व अंदमान-निकोबार येथे प्रवाळ आहेत. तेथील प्रवाळांच्या भवितव्याचा विचार करताना हा संबंध ध्यानात घ्यावा लागतो.

शरीररचना व आहार

अर्चिनाचे कवच चुनखडीच्या एकमेकींत घट्ट बसलेल्या पट्टिकांचे असते. ते वरून पाहिल्यास शरीराची पाच सारख्या भागांत झालेली विभागणी स्पष्ट दिसते. कवचावरील गाठींवर काटे बसविलेले असतात व ते उखळीच्या सांध्याप्रमाणे कोणत्याही दिशेला वळू शकतात. काट्यांच्या मधून लांब, लवचीक नालपाद बाहेर येतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या चूषकांच्या साहाय्याने प्राणी खडकाला धरून राहतो व सावकाश सरकतो. डायडेमा वंशातील जातींचे काटे लांब, पोकळ व ठिसूळ असतात. ते त्वचेत शिरून तुटतात आणि तीव्र वेदना होतात. म्हणून प्रवाळक्षेत्रात पोहणारे त्यांच्यापासून दूर राहतात.

तोंड शरीराच्या खालच्या बाजूस, खडकाकडे असते. त्यात पाच दात व त्यांना हालविणारी हाडासारख्या पट्टिकांची आणि स्नायूंची गुंतागुंतीची चौकट असते. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात अर्चिनाचे वर्णन करताना कंदिलाची उपमा दिली, म्हणून या रचनेला आजही ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ असे म्हणतात. खडक खरवडताना दात झिजतात; पण ते मुळाकडून सतत वाढत असल्यामुळे धार कायम राहते. उंदराच्या पटाशीच्या दातांशी या बाबतीत त्यांचे साम्य आहे.

अर्चिनांचा वंश अतिशय प्राचीन आहे. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मध्य प्रदेशातील नर्मदा खोऱ्यात, बाग येथील चुनखडकांत अर्चिनांचे जीवाश्म विपुल मिळतात. दख्खनचा काळा कातळ लाव्हापासून बनण्यापूर्वी त्या भागात समुद्र शिरला होता, याचा तो एक पुरावा आहे. एरवी सागरी प्राण्यांचा विषय निघाल्यावर सह्याद्रीच्या पूर्वेकडील वाचकास तो परका वाटतो, म्हणून हा उल्लेख.

शैवाल आणि प्रवाळ यांतील स्पर्धा

प्रवाळ हे अत्यंत सावकाश वाढणारे वसाहतशील प्राणी आहेत. त्यांचे डिंभ काही काळ पाण्यात तरंगतात व नंतर योग्य जागा पाहून खडकाला चिकटतात. ही जागा स्वच्छ व कठीण असावी लागते. खडकावर पापुद्र्यासारखे पसरणारे गुलाबी, चुनखडीयुक्त शैवाल अनेक जातींच्या डिंभांना आकर्षित करते. याउलट, मऊ व केसाळ शैवालाच्या थरात गाळ साचतो आणि तेथे डिंभ रुजत नाही, रुजलाच तर गुदमरतो. मोठी पानासारखी शैवाले वाढली, तर ती छोट्या प्रवाळांवर सावली धरतात व त्यांना घासून इजा करतात. शैवाल काही आठवड्यांत जागा व्यापू शकते. एखाद्या प्रवाळाला मुठीएवढे होण्यास अनेक वर्षे लागतात. या असमान स्पर्धेत प्रवाळ टिकतो तो केवळ शैवाल खाणारे प्राणी सतत चरत राहतात म्हणून. पोपटमासे व इतर शैवालभक्षी मासे, काही गोगलगायी आणि सागरी अर्चिन हे त्यांतील प्रमुख होत.

चरणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचे गोड्या पाण्यातील उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना रोज पाहावयास मिळते. पवना व इंद्रायणी या नद्यांत जलपर्णी माजते आणि यंत्रे लावून ती काढावी लागते. सांडपाण्यातून खाद्य मिळते, आणि मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीला खाऊन आटोक्यात ठेवणारे तिकडचे कीटक येथे मूळचे नाहीत. प्रवाळभित्तीवरील शैवालाची गोष्ट पूर्णपणे अशीच नसली, तरी तिच्या मुळाशी हीच दोन कारणे आहेत: वाढीला खाद्य अधिक आणि खाणारे कमी.

अर्चिन किती चरतात हे डोळ्यांनी दिसू शकते. डायडेमा जातीचे अर्चिन दिवसा प्रवाळाच्या कपारींत लपतात व रात्री बाहेर पडतात. पहाट होण्यापूर्वी परतावयाचे असल्याने ते फार दूर जात नाहीत. परिणामी, सागरी गवताच्या मैदानातील प्रवाळाच्या बेटाभोवती स्वच्छ वाळूचे एक कडे तयार होते. कॅरिबियन समुद्रातील अशा कड्यांचे कारण अर्चिनांचे चरणे हेच आहे, असे जॉन ऑग्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्याच सुमारास पॉल सामार्को यांनी जमैकातील डिस्कव्हरी बे येथे एका प्रवाळबेटावरील अर्चिन काढून टाकून पाहिले. तेथे शैवाल झपाट्याने वाढले. पुढील प्रयोगांत त्यांना असेही आढळले की, अर्चिन अजिबात नसतील तर प्रवाळांची पिले शैवालाखाली दबतात आणि फार दाटीने असतील तर तीही शैवालाबरोबर खरवडली जातात. मध्यम संख्या असेल तेथे नवे प्रवाळ सर्वाधिक टिकतात. या विषयातील सारे पुढचे संशोधन एका अर्थी याच निष्कर्षाचा विस्तार आहे.

कॅरिबियन समुद्रातील १९८३ ची साथ

अर्चिनांचे महत्त्व जगाला कळले ते ते नाहीसे झाल्यावर. जानेवारी १९८३ मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाजवळ डायडेमा अँटिलारम या लांब काळ्या काट्यांच्या अर्चिनांचे सामूहिक मृत्यू दिसून आले. प्रवाहांबरोबर साथ पसरत गेली आणि साधारण वर्षभरात संपूर्ण कॅरिबियन समुद्र व लगतचा पश्चिम अटलांटिक तिने व्यापला. बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. इतर जातींच्या अर्चिनांना धक्का लागला नाही, यावरून हा विशिष्ट जातीचा संसर्ग असल्याचे अनुमान निघाले. पण रोगकारक जीव त्या वेळी ओळखता आला नाही.

जमैकाच्या बाबतीत या घटनेची पूर्वपीठिका समजून घेतली पाहिजे. तेथील किनाऱ्यावर अनेक दशके बेसुमार मासेमारी झाली होती. मोठे मासे संपले, नंतर पोपटमाशांसारखे शैवालभक्षी मासेही विरळ झाले. तरीही प्रवाळ टिकून होते, कारण शैवाल खाण्याचे काम अर्चिनांनी उचलले होते. किंबहुना, प्रतिस्पर्धी मासे व अर्चिनांना खाणारे मासे दोन्ही कमी झाल्याने अर्चिन भरमसाट वाढले होते. वरवर पाहता सर्व सुरळीत होते. ऑगस्ट १९८० मध्ये अ‍ॅलन या चक्रीवादळाने उथळ पाण्यातील प्रवाळ मोडले, तेव्हाही मोकळ्या खडकावर नवे प्रवाळ रुजू लागले होते. अर्चिनांच्या मृत्यूनंतर मात्र चरणारे कोणी उरले नाही. टेरेन्स ह्यूझ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जमैकाच्या प्रवाळभित्तींवरील जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९७० च्या दशकाच्या अखेरीस ५० टक्क्यांहून अधिक होते, ते ५ टक्क्यांखाली आले, आणि मोठ्या शैवालाचे आच्छादन ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले.

येथे दोष अर्चिनांच्या साथीला द्यावा की मासेमारीला, यावर शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. एकच काम करणाऱ्या अनेक जातींपैकी एकच शिल्लक ठेवणे हा मूळ धोका होता. साथीने तो केवळ उघड केला.

साथीनंतर अर्चिनांची संख्या पूर्ववत का झाली नाही, याचे एक कारण त्यांच्या प्रजननात आहे. नर व मादी आपापली बीजे पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच होते. प्राणी एकमेकांपासून दूर असतील, तर शुक्राणू अंड्यापर्यंत पोचण्यापूर्वीच विरळ होऊन जातात. म्हणजे संख्या एका मर्यादेखाली गेली की ती आपोआप सावरत नाही. शिवाय, डिंभ काही आठवडे प्लवकांत तरंगत असल्याने ते जन्मस्थानीच उतरतील याचीही खात्री नसते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्कव्हरी बेच्या उथळ भागात काही अर्चिन परतले. पीटर एडमंड्स व रॉबर्ट कार्पेंटर यांनी २००१ मध्ये नोंदविले की, अर्चिन जेथे परतले तेथे मोठे शैवाल जवळजवळ नाहीसे झाले व छोट्या प्रवाळांची संख्या वाढली. त्याच ठिकाणी, त्याच पाण्यात, काही मीटर अंतरावर शैवालाचे रान होते.

संख्या वाढल्यास होणारी झीज

नाण्याची दुसरी बाजू पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसते. केनियातील प्रवाळभित्तींवर एकिनोमेट्रा मथाई हा आखूड काट्यांचा अर्चिन राहतो. तो शैवालाबरोबर चुनखडकही कुरतडून स्वतःसाठी खळगे करतो. टिम मॅक्लॅनाहन व एस. शफीर यांनी १९९० मध्ये संरक्षित सागरी उद्याने व मासेमारी चालणारे किनारे यांची तुलना केली. असंरक्षित भित्तींवर अर्चिनांची दाटी शंभरपटींहून अधिक आढळली. कारण सरळ होते. अर्चिनाला उलटा करून फोडणारा नारिंगी पट्ट्यांचा ट्रिगर मासा तेथे जाळ्यात व गळाला लागून संपला होता. अर्चिन वाढले, त्यांनी शैवालाबरोबर खडकही खाल्ला आणि भित्तीची झीज वाढली. ट्रिगर मासा गळाला सहज लागतो. त्यामुळे मासेमारी थांबविल्यानंतरही त्याची संख्या सावरण्यास बराच काळ जातो.

गॅलापागोस बेटांवर १९८२-८३ च्या एल निनोमुळे पाणी तापून बहुतेक प्रवाळ मेले. त्यांच्या सांगाड्यांवर शैवाल वाढले आणि ते खाण्यासाठी युसिडॅरिस वंशातील जाड काट्यांचे अर्चिन जमले. पुढील काही वर्षांत त्यांनी सांगाड्यांचा अक्षरशः भुगा केला. ज्या पायावर नवे प्रवाळ उभे राहावयाचे, तो पायाच उरला नाही.

भारतीय समुद्र

लक्षद्वीपच्या प्रवाळद्वीपांवर डायडेमा, एकिनोथ्रिक्स, एकिनोमेट्रा, ट्रिपन्यूस्टीस इत्यादी वंशांचे अर्चिन आढळतात. १९९८, २०१० व २०१६ या वर्षांत समुद्र तापल्याने तेथील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. विरंजन म्हणजे प्रवाळाच्या शरीरातील सहजीवी शैवाल निघून जाऊन तो पांढरा पडणे. ताप लांबला तर प्रवाळ मरतो व त्याच्या सांगाड्यावर काही दिवसांतच दुसऱ्या प्रकारचे शैवाल चढते. त्या क्षणापासून चरणाऱ्यांची कसोटी लागते. १९९८ नंतर लक्षद्वीपमधील अनेक भित्ती सावरल्या. तेथील संशोधकांच्या मते याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे शैवालभक्षी माशांची विपुलता. लक्षद्वीपचे मच्छीमार मुख्यत्वे खुल्या समुद्रात गळकाठीने ट्यूना पकडतात आणि त्यामुळे भित्तीवरील माशांवर ताण कमी पडत आला. जमैकाच्या उलट ही स्थिती आहे: मासे व अर्चिन असे दोन्ही चरणारे हजर आहेत. अलीकडे निर्यातीसाठी भित्तीवरील मासे पकडण्याचे प्रमाण वाढू लागले आहे. मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमध्ये पुन्हा तीव्र विरंजन झाल्याचे जाहीर केले. ही दोन्ही वृत्ते एकत्र वाचली पाहिजेत.

मन्नारच्या आखातात वेगळा प्रश्न उद्भवला. जेलीसदृश पदार्थासाठी लागवड केले जाणारे कॅपाफायकस हे परदेशी शैवाल कुरुसडाई बेटाजवळील जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदविले. याच गटातील शैवालाने हवाईतील कानेओहे उपसागरातही प्रवाळांना ग्रासले होते. तेथे पाणबुड्यांनी नळीने शैवाल ओढून काढले आणि ते पुन्हा वाढू नये म्हणून उबवणी केंद्रात वाढविलेले ट्रिपन्यूस्टीस अर्चिन लाखांच्या संख्येत सोडले. स्थानिक जातीचा प्राणी वापरून केलेला हा उपाय बऱ्याच अंशी उपयुक्त ठरला. समुद्री शैवालाची लागवड आता भारताच्या अनेक किनाऱ्यांवर वाढविली जात आहे. त्यामुळे तिच्या जागा निवडताना जवळ प्रवाळ आहेत का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्र : मालवण व आंग्रिया बँक

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम व एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौ. किमी. असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोवतीचा ३.१८ चौ. किमी. भाग गाभाक्षेत्र आहे. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास सुरुवातीपासून विरोध केला. त्यांची भीती निराधार नव्हती आणि त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय तेथे काहीही साधणार नाही, हेही तितकेच खरे.

मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपसारखी सलग भित्ती बांधत नाहीत. पोराइट्स, टर्बिनारिया, फॅव्हाइट्स अशा काटक वंशांच्या वसाहती खडकांवर तुकड्यातुकड्यांनी आढळतात. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ, गोडे पाणी येते, लाटा उसळतात व गाळ बसतो. पाऊस सरल्यावर खडकांवर सरगॅसमसारखी मोठी तपकिरी शैवाले वाढू लागतात. हिवाळ्यात ती भरास येतात व पुढच्या पावसाळ्यापर्यंत झडून, लाटांनी उपटून किनाऱ्यावर येऊन पडतात. म्हणजे कोकणात मोठे शैवाल कापण्याचे बरेचसे काम पावसाळी समुद्रच करतो. खडकालगतचा आखूड, केसाळ शैवालाचा थर मात्र लाटांनी जात नाही. तो खरवडण्यास दातच लागतात. भारताच्या खडकाळ किनाऱ्यांवर स्टोमोन्यूस्टीस व्हॅरिओलॅरिस हा काळसर अर्चिन खडकांतील खळग्यांत राहून हे काम करतो.

अर्चिनांना खाणारे प्राणीही कोकणच्या मच्छीमारांच्या ओळखीचे आहेत: कठीण जबड्याचा केंड मासा, खडकांत राहणारी शेवंड. त्यांपैकी शेवंडीला बाजारात मोठा भाव येतो, त्यामुळे ती सर्वांत आधी कमी होते. केनियाचा धडा येथे लागू पडू शकतो.

मालवणच्या प्रवाळांवर आज दुहेरी ताण आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथे विरंजन व रोग यांच्या जोडीला पर्यटनाने होणारी हानीही नोंदविली आहे. नौकांचे नांगर प्रवाळावर पडतात, शिकाऊ पाणबुडे त्यावर उभे राहतात आणि मासे जवळ यावेत म्हणून त्यांना खाद्य टाकले जाते. शेवटची गोष्ट निरुपद्रवी वाटते. परंतु आयते खाद्य मिळणारा मासा शैवालाकडे वळत नाही. प्रवाळ हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. शैवाल खरवडून त्यांना जगविणाऱ्या प्राण्यांकडे मात्र असे लक्ष क्वचितच जाते.

आंग्रिया बँक हा विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी. अंतरावरील समुद्रात बुडालेला पठारासारखा उंचवटा आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव पडले. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर असून पाणी स्वच्छ असल्याने तेथे प्रवाळ चांगले वाढतात. नद्यांचा गाळ व सांडपाणी तेथवर पोचत नाही. मासेमारी नौका पोचतात. म्हणून तेथे चरणाऱ्या व अर्चिनभक्षी माशांची स्थिती हाच कळीचा मुद्दा ठरतो.

अर्चिनांची गणना करणे तुलनेने सोपे आहे. ठरावीक लांबीची दोरी तळावर अंथरून तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातील अर्चिन मोजतात, किंवा एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवून आतील संख्या घेतात. कपारीत लपणाऱ्या जातींसाठी ही मोजणी रात्री करणे श्रेयस्कर. सोबत शैवालाचे आच्छादन व त्याची उंची नोंदविली, तर वर्षानुवर्षांच्या तुलनेतून बदल ध्यानात येतो.

२०२२ नंतरची साथ

जानेवारी २०२२ च्या अखेरीस कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटाजवळ डायडेमा पुन्हा मरू लागले. या वेळी कारण लवकर सापडले. केसल गटातील एक सूक्ष्म एकपेशीय परजीवी यास जबाबदार असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. त्याच काळात पूर्व भूमध्य समुद्रात डायडेमा सेटोसम ही दुसरी जाती मरत होती. ती मूळची हिंदी व प्रशांत महासागरांतील असून सुएझमार्गे तेथे पोचली होती. तेथून साथ तांबड्या समुद्रात उतरली आणि २०२३ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील रियुनियन बेटापर्यंत गेली. तेथेही तोच परजीवी असल्याचे इस्रायली संशोधकांच्या २०२४ मधील अभ्यासात आढळले. तांबडा समुद्र अरबी समुद्राला जोडलेला आहे, आणि डायडेमा सेटोसम भारतीय प्रवाळक्षेत्रांतही राहतो.

रोगाची लक्षणे पाणबुड्यांना सहज ओळखता येतात. रात्रिंचर अर्चिन भर दिवसा उघड्यावर येतो. त्याचे नालपाद खडकाला धरीनासे होतात, काटे सैल होऊन एका बाजूस कलतात व गळू लागतात. दोनतीन दिवसांत तळावर केवळ पांढरे कवच उरते.